फेऱ्या शून्य

कवडखेड्यात सरकारी कागद घेऊन कोणी शिरलं, की गाव एका दमात गरीब व्हायचं. मुळात श्रीमंत नव्हतंच, पण कागदापुढं जरा जास्तच. ट्रॅक्टर मेव्हण्याचा निघायचा, मोटारसायकल जावयाची, विहीर कोरडी, लेक वेगळा राहतो, आणि कालपर्यंत ओसरीवर शेंगा फोडत बसलेली म्हातारी तीन वर्षांपासून लेकीकडं गेलेली असायची. दोनशे बारा उंबऱ्यांना हा धडा घोटून देणारा मास्तर म्हणजे सांडू.

सांडूआबाच्या शेळ्या एकोणीस, कागदावर पाच. जनावरांची मोजणी आली त्या दिवशी उरलेल्या चौदा घेऊन तो रुळापलीकडच्या बाभळीत दडला होता आणि मोजणीवाला गावाबाहेर पडेस्तोवर एकेकीच्या तोंडात पाला कोंबत होता, ओरडू नये म्हणून. गावात ही गोष्ट पराक्रमासारखी सांगितली जायची. पण माणूस लबाड म्हणावा, तर तसाही नव्हता. एका दुष्काळी सालात चार जणांनी खरं सांगितलं होतं, की विहिरीत अजून कमरेइतकं पाणी आहे. त्यातला एक सांडू. टँकर शेजारच्या गावाला गेला. विहिरी महिनाभरात आटल्या आणि त्या उन्हाळ्यात त्याची बायको आसराबाई दीड कोसावरून डोक्यावर पाणी आणत राहिली, रोज चार खेपा. एकदा ठेच लागून हंड्यासकट पडली, तेव्हा बायकांनी शिव्या घातल्या त्या सांडूच्या खऱ्या बोलण्याला. तिथून पुढं त्यानं कागदाला खरं सांगणं सोडलं.

गेल्या वर्षी आसराबाईच्या दोन्ही किडन्या बसल्या. जालन्याच्या दवाखान्यात आठवड्यातून तीनदा, सोमवार, बुधवार, शनिवार, चार-चार तास मशीनवर. पिवळ्या कार्डावर मशीन फुकट होतं. म्हणजे घरात सगळ्यात किमती वस्तू आता एकच, ते कार्ड. सांडू ते प्लास्टिकच्या पिशवीत, पिशवी पत्र्याच्या डब्यात आणि डबा ज्वारीच्या कोठीत पुरून ठेवायचा. दर फेरीला काढायचा, पुसायचा, परत पुरायचा.

मशीन फुकट होतं, पण ते कवडखेड्यात नव्हतं. जालना अडतीस किलोमीटर. त्यातले पहिले सहा मेन रोडपर्यंतचे. सप्टेंबरच्या पावसानं ओढ्यावरचा नळकांडी पूल नेला आणि पुलाबरोबर गावात येणारी काळीपिवळीही गेली. तेव्हापासून सांडू बायकोला मोटारसायकलवर मागं बसवायचा, जुन्या लुगड्याच्या पट्ट्यानं आपल्या कमरेशी बांधायचा, ओढ्याच्या काठावर सोडायचा, गाडी ढकलत पलीकडं न्यायचा, परत येऊन तिला हाताला धरून दगडांवरून न्यायचा आणि पुन्हा बांधायचा. मेन रोडला एमआयडीसीत जाणाऱ्या कामगारांचा टेम्पो मिळायचा.

आणि हे सगळं रुळाच्या कडेकडेनं. कवडखेडा हाल्ट गावापासून हाकेवर, ओढ्याच्या अलीकडं. साथीच्या बंदीच्या सालापर्यंत तिथं पॅसेंजर थांबायची, सकाळी सात दहाला जालन्याकडं, संध्याकाळी पावणेसहाला परत. बंदी उठली, देव उघडले, दारूची दुकानं उघडली, बाजार भरले. पॅसेंजर मात्र कवडखेड्यात थांबायची विसरली ती विसरलीच. आता फलाटावर कुसळी गवत वाढलं होतं आणि तिकिटाच्या खोलीत कुत्री वेत होती.

लेक रामेश्वर एमआयडीसीत सळईच्या मिलमध्ये होता. त्याच्या खोलीवर राहून बघितलं होतं महिनाभर. दहा बाय दहाच्या खोलीत रामेश्वर, त्याची बायको मोनिका, तान्ही पोरगी आणि आसराबाई. रात्रपाळी करून आलेला लेक दिवसा झोपायचा आणि आसराबाईला खोकला यायचा. मोनिका कधी वाकडं बोलली नाही. ती फक्त एक गोणपाट दाराबाहेर टाकून ठेवायची. आसराबाई दिवसभर त्या गोणपाटावर, नालीकडं तोंड करून बसायची. महिना सरल्यावर म्हणाली, "मला मह्या घरी न्या. मरन तर मरन, पण घरात बसून."

*

जानेवारीत भुजंगाच्या चहाच्या हॉटेलात बातमी आली, की रेल्वेवाले विचारपूस करायला येऊन राह्यले.

"घरोघर," भुजंग म्हणाला. त्याच्या हॉटेलात बातमी आधी उकळायची, चहा मागून. "तिकडल्या दोन गावांत झालं बी. कोण कुठं जातं, कशाला जातं, आठवड्यात किती फेऱ्या, घरातली कमाई किती, सगळं. मोबाइलात लिहून राह्यले."

"गाडी द्यायला?" कोणी तरी विचारलं.

"म्हणतेत तसं. लोकाचं मत पाह्यजे म्हणं त्यांना."

बाकावरची सगळी तोंडं सांडूकडं वळली. त्यानं बशीतला चहा संपवला, बशी पालथी घातली, मिशी पुसली. गावाला इतका वेळ वाट बघायला लावायचा मान त्यानं कमावलेला होता.

"गाडी द्यायची तर गाडी द्या की," तो म्हणाला. "फलाट हाय, रूळ हाय. आमची कमाई काऊन पाह्यजे? भुजंग, तुह्या हॉटेलात गिऱ्हाईक आलं तर तू आधी त्याचं रेशन कार्ड पाह्यतो का चहा देतो?"

बाक हसला.

"आपून म्हणायचं, रोज जालन्याला जातो. मंग ते म्हणतीन, रोज जातो म्हणजे कमावतो. कमावतो म्हणजे कार्ड कट. गाडी येईन तवा येईन, कार्ड आधी जाईन. कागद पहिल्यांदा गोडच बोलतो."

मिलमध्ये जाणारे चौतीस जण होते गावात. बियाण्याच्या कारखान्यात निवडायला जाणाऱ्या बाया अकरा. कॉलेजची पोरं नऊ. सांडूला हे आकडे पाठ होते, कारण टेम्पोत बसायला जागा कुठं मिळेल हे त्याला रोज बघावं लागायचं. ही चोपन्न माणसं त्या दिवशी दुपारपर्यंत घरी बसली. म्हणजे कामावर गेली होतीच, पण बोलण्यापुरती घरी बसली.

विचारायला आली ती परकी कोणी नव्हती. तातेरावाची ज्योत्स्ना. बौद्धवाड्यातली, बी.ए. झालेली, रेल्वेनं ज्या संस्थेला काम दिलं होतं तिनं चार महिन्यांपुरती ठेवलेली. गळ्यात ओळखपत्र, हातात संस्थेचा मोबाइल. तिनं सगळं गाव दोन दिवसांत पालथं घातलं आणि दुसऱ्या दिवशी ऊन कलताना सांडूच्या अंगणात आली तेव्हा तिचं तोंड उतरलेलं होतं.

बुधवार होता. आसराबाई नुकतीच मशीनवरून आलेली. बाजेवर कुशीवर पडली होती, डावा हात उशीवर वेगळा ठेवलेला. त्या हातात डॉक्टरांनी मशीनच्या सुयांसाठी शीर जोडून दिली होती. ती दोरखंडासारखी फुगलेली आणि आतून सतत थरथरणारी. सांडू समोर फरदडीचा, शेवटच्या वेचणीचा कापूस निवडत होता. बोंडांच्या टोकांनी त्याची नखं मुळातून चिरलेली, त्यामुळं बोटं सरळ ठेवून, चिमट्यानं उचलावं तसा तो किडकी कवडी वेगळी काढायचा.

"सांडूआबा, तुमचं तरी बराबर लिहू द्या," ज्योत्स्ना टेकत म्हणाली. "साऱ्या गावात कोणीच कुठं जात न्हाई म्हणं. मंग सकाळी टेम्पो कोण भरतं, भुतं?"

"भुतंच आसतीन. तू बस, चहा घेती का?"

"चहा नको. गाडीसाठी हाय हो आबा हे. तीन हाल्टपैकी एकच चालू करणार हायेत. जिथं जास्त माणसं, तिथं. मपल्या समोर साहेबानं सांगितलं."

"साहेब सांगतेतच माय. साहेबाचा काय खर्चा होतो सांगायला?"

तिनं मोबाइल पुढं धरला. "हे बोलणंबी नोंद व्हतं याच्यात. तुमी म्हणान तेच मला लिहावं लागतं, मनानं न्हाई लिहिता येत. ऐका. घरातलं कोण कोण जालन्याला जातं?"

"कोणी न्हाई."

"रामेश्वर?"

"तो वेगळा हाय."

"आणि मावशी?"

कापसातलं सांडूचं बोट क्षणभर थांबलं. बाजेवरच्या आसराबाईनं डोळे उघडले. तिच्या दंडाला अजून दवाखान्याची पांढरी पट्टी होती. ज्योत्स्ना त्या पट्टीकडं बघत होती, सांडू ज्योत्स्नाकडं.

"ती कुठं जाती? घरीच आसती. गुडघे दुखतेत तिचे."

"मावशी," ज्योत्स्ना बाजेपाशी सरकली, "तुमी सांगा. तुमी म्हणलं तरी चालतं मला."

आसराबाईनं नवऱ्याकडं बघितलं. चाळीस वर्षांच्या संसारात कागदापुढं तिनं एकदाही त्याच्या विरुद्ध शब्द काढला नव्हता. आणि आज तो जे बोलत होता ते कुणासाठी, हे तिच्याइतकं कोणाला माहीत होतं? कोठीतला डबा तिच्यासाठीच पुरलेला होता.

"ते म्हणतेत तसं लिही बाई," ती म्हणाली.

ज्योत्स्नानं लिहिलं. फेऱ्या शून्य. मग मोबाइलची काच पुढं करून म्हणाली, "सही." आसराबाईनं उजव्या हाताचं बोट काचेवर ओढलं; वाकडी एक रेघ उमटली. ज्योत्स्ना जाताना वहाणा घालायला नेहमीपेक्षा जास्त वेळ वाकली होती.

ती गेल्यावर आसराबाईनं ओठ ओले करण्यापुरतं पाणी मागितलं. तिला दिवसाकाठी दोन पेलेच पाणी होतं. सांडूनं झाकणभर दिलं.

"पण गाडी आली असती तर?" ती म्हणाली.

"येईन ना. येणारी आसंन तर येईनच. आपल्या सांगण्यानं काय व्हतं?"

*

फेब्रुवारीतल्या एका शनिवारी परतीला टेम्पोत जागा नव्हती. ड्रायव्हर ओळखीचा, पण मागच्या खेपेला आसराबाईला त्याच्या गाडीत उलटी झालेली; त्यानं या वेळी पुढची सीट आधीच दुसऱ्याला देऊन टाकली होती.

"मागं बसवा आबा," तो म्हणाला. "मोकळी हवा लागंन. आन ही पिशवी हातात ऱ्हाऊ द्या."

मागं फळी छातीइतकी उंच. आसराबाईनं एक पाय उचलून बघितला, तो गुडघ्याच्या वर गेला नाही. मशीनवरून उतरल्यावर तिच्या पायांत जीव नसायचा. मिलमधून सुटलेली पोरं वर बसलेली, तोंडं लोखंडाच्या धुळीनं काळी. त्यातल्या एकानं वाकून तिच्या काखेत हात घातले, खालून सांडूनं मांड्या धरल्या आणि दोघांनी तिला वर घेतलं. लुगडं पोटरीच्या वर गेलं. पोरांनी नजरा फिरवल्या. चांगली पोरं होती. त्या नजरा फिरवण्यानंच आसराबाईचं तोंड पदरात गेलं आणि मेन रोडपर्यंत बाहेर आलं नाही.

पुढं मोटारसायकलवरून उतरल्यावर ओढ्यापाशी ती दगडावर बसली. बरोबर त्याच वेळी पलीकडून एक्स्प्रेस गेली, धडधडत, दिवे लावून, हाल्टवरचं गवत आडवं करत. दोघांनी डबे जाईपर्यंत बघितलं.

"किती जल्दी जाती," आसराबाई म्हणाली.

सांडूनं कमरेचा लुगड्याचा पट्टा सोडला आणि तिला नव्यानं बांधून घेतलं.

मार्चमध्ये भुजंगानं बातमी आणली, की उंबरवाकडीच्या शाळेत सुनावणी आहे, तीन हाल्टांचा निकाल तिथं वाचणार. पुढं त्यानं आवाज खाली केला. "उंबरवाकडीवाल्यानं घरटी पाच पाच जण लिहून देले म्हणं. सुट्टीला येणारे जावई बी रोजचे पॅसेंजर केले."

सांडूनं बशीतला चहा तसाच सोडला आणि घर गाठलं. त्यानं बायकोला सांगितलं, "तूबी चल. मी बोलतो साहेबाशी. तुला पाह्यलं म्हणजे समजंन त्यांला."

शाळेच्या हॉलमध्ये तीन गावांची माणसं. साहेब तरुण, डोळ्यांवर चष्मा, बोलायला गरम नाही. त्यानं भिंतीवर आकडे पाडले आणि काठीनं दाखवत वाचले. उंबरवाकडी: घरं एकशे चाळीस, रोजचे प्रवासी सहाशे सहासष्ट. मधल्या हाल्टचे नव्वद. मग काठी खाली आली.

"कवडखेडा. घरं दोनशे बारा. रोजचे प्रवासी तीन."

उंबरवाकडीवाले फिदीफिदी हसले. "तीनबी कशाला, बैलगाडी द्या त्यांला," मागून आवाज आला.

"आणि हे तिघंही एकाच घरातले आहेत," साहेब म्हणाला. "आमच्या ज्या ताई माहिती घेत होत्या, त्यांच्याच घरातले. त्यामुळं तेही आम्हाला तपासावं लागतंय."

कोपऱ्यात उभी असलेली ज्योत्स्ना जमिनीकडं बघत होती. तिच्या घरानं, तातेरावाच्या घरानं, तेवढ्यानंच खरं सांगितलं होतं आणि संशय तिच्यावर आला होता.

सांडू उठला. टोपी काढली, परत घातली.

"साहेब, ते खोटं हाय. आमच्या गावची रोज पन्नासच्या वर माणसं जातेत."

"मग खोटं कुणी सांगितलं?"

भुजंग, मिलवाले, बियाण्याच्या कारखान्यातल्या बाया, सगळे तिथं होते. सगळ्यांच्या माना खाली. सांडूनं एकदा सगळ्यांवरून नजर फिरवली. इतक्या वर्षांचे शिष्य.

"म्या," तो म्हणाला. "म्याच सांगितलं सगळ्यांला."

हसू परत उसळलं. साहेबानं हात वर केला. लॅपटॉपवर बोटं फिरवली. "तुमचं नाव? ... हं. सांडू. जाणारे कोणी नाही. फेऱ्या शून्य. हे तुमच्याच तोंडचं आहे काका, आवाज आहे आमच्याकडं. ऐकवू?"

"ऐकवू नका. तुमी हिला पाहा." सांडू मागं वळला आणि बाकावर बसलेल्या आसराबाईचा डावा हात त्यानं धरला. पदर बाजूला केला, पोलक्याची बाही खांद्यापर्यंत सरकवली. सुजलेली, गाठी पडलेली, सुयांच्या छिद्रांनी काळीनिळी झालेली ती शीर त्यानं तीन गावांसमोर वर धरली. "आठवड्यातून तीनदा नेतो हिला. मोटारसायकलवर बांधून. हात लावून पाहा साहेब, आत कसं चालतंय. ही खोटी हाय का? सांगा, ही खोटी हाय का?"

आता कोणी हसलं नाही. साहेबानं मान वळवली. आसराबाई हात सोडवायला बघत होती, पण तिच्यात ओढायची ताकद नव्हती आणि सांडूला आपण काय धरलं आहे याचं भान नव्हतं. शेवटी ज्योत्स्ना पुढं आली, तिनं त्याची बोटं एकेक करून सोडवली आणि बाही खाली केली.

"मावशी," साहेब हळू म्हणाला, "सही तुमची आहे ना?"

"हो," आसराबाई म्हणाली. "म्याच केली."

"मग माझे हात बांधलेले आहेत. सहा महिन्यांनी परत माहिती घेणार आहोत. तेव्हा खरं सांगा."

परतताना ती मोटारसायकलवर बसली, त्यानं पट्टा बांधला. अर्ध्या वाटेवर ती म्हणाली, "बांधता तसं धरायचं असतं का कोणाला चारचौघांत?"



*

उन्हाळा चढला तशी आसराबाई सुधारली. निदान बोलण्यात. सकाळी विचारावं, दम लागला का? न्हाई. पाय सुजलेत का? थोडेच. रातभर उशीला टेकून बसलेली असायची, पण सांडू उठायच्या आत आडवी झालेली असायची. दवाखान्यातल्या नर्सनं विचारलं तर तिलाही तेच. जेवण जातं. झोप येते. बरं हाय.

एप्रिलमधला एक बुधवार तिनं सोडला. "ऊन लई हाय. शनिवारी जाऊ." मे महिन्यात दोन. जूनमध्ये पेरणी आली. सरकीचं बी घरात, जमिनीत ओल, तिफण शेजाऱ्याची आणि ती सोमवारीच मिळणार.

"तुमी पेरून घ्या," ती म्हणाली. "मला बरं हाय. एका मशीननं काय व्हतं?"

सांडूनं तिच्याकडं बघितलं. डोळ्यांखाली पाण्यानं भरलेल्या पिशव्या, ओठ पांढरे. जो माणूस साहेबाच्या चेहऱ्यावरून कार्ड राहतं का जातं ते ओळखायचा, ज्यानं गावाला कमी सांगायचं शिकवलं, त्याला आपल्या बायकोचं कमी सांगणं ओळखू आलं नाही असं कसं म्हणावं? आलं असणार. पण त्या दिवशी तिफण दारात उभी होती. त्यानं तिचं बोलणं जसंच्या तसं धरलं आणि पेरायला गेला. त्या आठवड्यात सोमवारही गेला आणि बुधवारही.

जुलैतल्या एका बुधवारी तिला बसल्या जागी श्वास पुरेना, तेव्हा त्यानं कोठीतून डबा काढला, गाडी काढली. ओढ्याला गुडघाभर पाणी होतं. त्यानं या वेळी दोन फेऱ्या केल्या नाहीत. तिला पाठीवरच बांधली आणि गाडी ढकलत न्यायच्या ऐवजी काठावर टाकून दिली. तिला घेऊन पाण्यात उतरला. पाणी थंड होतं. तिच्या पायांना लागलं तशी ती हलकेच "माय गं" म्हणाली. पलीकडच्या काठावर रामेश्वरच्या एका ओळखीच्याची गाडी मिळाली. सांडू मागं बसला, आसराबाई त्याच्या पाठीशी तशीच बांधलेली.

तो बोलत होता. पऱ्हाटी वर आलीये. शेळीला दोन करडं झाली. रामेश्वर टेसनावर येतो म्हणलाय, आपलं टेसन न्हाई, जालन्याचं. पाठीवर तिचं वजन होतं, एकसारखं. खड्ड्यात गाडी आदळली तरी तिनं कुरकूर केली नाही. त्याला वाटलं, डोळा लागला. बरं झालं. एरवी झोपतच नाही.

मेन रोडला टेम्पो उभा होता. ड्रायव्हर पुढची सीट मोकळी करून खाली उतरला, दोन पावलं पुढं आला आणि थांबला.

"आबा," तो म्हणाला, "पट्टा सोडू नका एकदम. पडतीन त्या."

*

सप्टेंबरात ज्योत्स्ना परत आली. संशय निघाला होता तिच्यावरचा, संस्थेनं परत ठेवून घेतलं होतं. उंबरवाकडीचे जावई पकडले गेले होते, म्हणून तिन्ही गावं नव्यानं विचारायची होती. या वेळी कवडखेडा तिची वाट बघत होतं. भुजंगानं हॉटेल सोडून घरी येऊन नाव लिहून घ्यायला लावलं. मिलवाल्यांनी सुट्टी काढली. बायांनी पदराला गाठ मारावी तसे आकडे जपून ठेवले होते, कुठल्या दिवशी किती वाजता, कुठल्या कारखान्यात. खरं सांगायचं म्हटल्यावर काहींना ते नीट जमेना, सवय नव्हती.

सांडूचं घर तिनं शेवटी ठेवलं होतं. खरं तर टाळलंच असतं. दारातून नुसतं वाकून "येते आबा" म्हणून ती वळत होती, तर त्यानं हाक मारली.

"काऊन चालली? मह्यं घर न्हाई का गावात?"

तो ओसरीवर बसला होता. दाढी वाढलेली, टोपी नव्हती. बाज भिंतीला उभी केलेली. ज्योत्स्ना आली आणि खाली बसली.

"आबा, तुमचं मी नंतर..."

"नंतर न्हाई. आत्ता लिही. आन मनानं लिहू नको, म्या म्हणतो तसंच लिही. तुह्यावर परत बला नको." त्यानं घसा साफ केला. "आवाज चालू केला का?"

"केला."

"जाणारी माणसं दोन. म्या सांडू. आन आसराबाई."

ज्योत्स्नाची बोटं काचेवर थांबली. आत कोठीपाशी कोणी नव्हतं. अंगणात शेळ्या होत्या, एकोणीसच्या एकवीस झालेल्या. त्यांतल्या कुणालाही आज रुळापलीकडं नेलेलं नव्हतं.

"आबा, दोन महिने झाले..."

"कमी सांगायला लागली का तूबी?" तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. "लिही. सोमवार, बुधवार, शनिवार. एकबी चुकवायचा न्हाई. कारण, दवाखाना."

तिनं लिहिलं. पुढचा प्रश्न तिनं मोठ्यानं वाचला नाही, नुसती काच त्याच्यापुढं धरली. त्याला वाचता येत नव्हतं. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला.

"परत कोणत्या गाडीनं येणार, असं विचारतंय," ती म्हणाली.

सांडूनं रुळाकडं बघितलं. तिकडं काही नव्हतं, गवत होतं.

"पावणेसहाच्या," तो म्हणाला. "दोघंबी येतो. मी तिला खिडकीपाशी बसवतो. मशीनवरून आली का तिला वारं लागतं. लिही, तिला वारं लागतं."